आईच्या चित्राला हार नाही

माझी आई पुण्यात चांगली ठणठणीत असताना हार्लेम या डच गावात माझ्या दारात तिच्या सुतकाचं पिठलं आलं. डबा उंबऱ्यावर ठेवून, बेल वाजवून, आणणारी दीड मीटर मागे सरकून उभी होती आणि मास्कच्या वर तिचे डोळे डबडबले होते. मी दार उघडलं ते तोंडात टोस्ट घेऊनच. "कधी गेल्या गं?" ती म्हणाली. "निदान कळवायचं तरी."

ही माझी सोलापूरची मैत्रीण. दोन गल्ल्या सोडून राहते, मनाने लोण्यासारखी, पण घाईची फार. तिच्याकडून असा घोळ का झाला ते सांगते, पण त्यासाठी आधी बाईंपासून सुरुवात करायला हवी.

बाई म्हणजे माझ्या चित्रकलेच्या शिक्षिका. मूळच्या अमेरिकन, वय ऐंशीच्या बरंच पुढे, एका डच माणसाशी लग्न करून इथे आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. वर्गातले सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, अगदी विशीतली पोरंसुद्धा. मला ते या जन्मात जमलं नसतं. जिने शिकवलं ती बाई, विषय संपला. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तर इतक्या खूश झाल्या की मला फोन केला की 'बाई हिअर' म्हणायला लागल्या.

मी स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. नवरा म्हणतो, हे काम तू फुकटातही केलं असतंस. त्याच्या आधी, कुणाला सांगून खरं वाटणार नाही, मी पुण्यात दोन वर्षं चित्रकलेच्या कॉलेजात होते. माणसं काढायचे. भाजीवाली, वॉचमन, झोपलेला मामा. तिथले एक सर माझ्या बोर्डापाशी आले की मान वाकडी करून विचारायचे, "काय, कॅलेंडर छापायचंय का?" वर्ग हसायचा. तेव्हा चलती होती ती अमूर्ताची. माणूस काढणारा म्हणजे मागासलेला. तिसऱ्या वर्षी मी कागद गुंडाळले आणि कॉम्प्युटरचा कोर्स लावला. सगळ्यांना वाटलं पोरीला अक्कल आली. मी नुसती चिडले होते, आणि ती चीड पंचवीस वर्षं मुरत पडली होती.

बाईंच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी त्यांना हे सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, तुझे सर पुण्याला पोचले कधी? ते तर माझे सर होते!

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. ती मी पुढे अनेकदा ऐकली आणि दर वेळी मला नवा जोर आला. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. त्या कॅलिफोर्नियात कला शिकत होत्या. युद्धावरून परतलेले बापये सरकारी खर्चाने वर्गात बसायचे आणि सगळे मिळून भिंतीएवढ्या कॅनव्हासवर रंग ओतायचे, फासायचे, उडवायचे. माणूस काढणं म्हणजे साबणाच्या जाहिराती काढणाऱ्यांचं काम, नाहीतर हुकूमशहांच्या पोस्टरवाल्यांचं. न्यूयॉर्कहून फर्मान आल्यासारखं सगळे एकच बोलत, की फिगर मेली, आता तिचं नाव काढू नका. बाई संध्याकाळी एका खानावळीत भांडी घासायच्या. तिथल्या आचाऱ्याचं चित्र त्यांनी काढलं, मटणाच्या रश्शाची वाफ तोंडावर घेऊन उभ्या राहिलेल्या घामट माणसाचं. शिक्षकांनी ते पाहिलं आणि काही न बोलता कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. बाईंनी तो परत फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. यांनी पुन्हा फिरवला.

त्याच सुमारास तिकडच्या काही नावाजलेल्या अमूर्तवाल्यांनीच पलटी मारली. टेबलाशी बसलेली बायको, पाण्यात उतरलेली पोरं, दारात उभी राहिलेली कुणीतरी, असं काढायला लागले, आणि तेही त्याच जाड, रांगड्या ब्रशने, ज्याने कालपर्यंत नुसते रंगाचे पट्टे ओढत होते. दोस्तांनी त्यांना पळपुटे म्हटलं. ते आठवड्यातून एका संध्याकाळी एकत्र जमायचे, वर्गणी काढून मॉडेल बसवायचे आणि मुकाट्याने काढत राहायचे. बाई त्यांत सगळ्यात लहान. कधी काढायला बसायच्या, कधी मॉडेल आली नाही तर स्वतःच स्टुलावर चढायच्या.

"माणसाचं चित्र मेलं, असं मला आयुष्यात किती वेळा सांगितलं गेलं," बाई म्हणायच्या. "दर वेळी मी कुणालातरी खुर्चीत बसवून कॉफी देत होते."

त्यांचे नियम मोजके होते. समोर जिवंत माणूस हवा, फोटो चालणार नाही. जे दिसतं तेच काढायचं. जे असायला हवं असं वाटतं, ते नाही. आणि डोळे काढायचे नाहीत. डोळ्यांच्या जागी जी सावली पडते ती टाका, बघणारा डोळे स्वतः घालतो. मला हा शेवटचा नियम पचायला वर्ष लागलं. आपल्याकडे मूर्तीला सुद्धा डोळे शेवटी आणि किती मानाने काढतात.

मग तो मार्च आला आणि वर्ग बंद झाला. ऑफिस घरी आलं, शाळा घरी आली, नवऱ्याची नोकरी असलेलं रॉटरडॅमचं बंदर सुद्धा जेवणाच्या टेबलावर आलं. घरी एकाच वेळी फार माणसं बोलवायची नाहीत, दीड मीटर लांब राहायचं, असं सगळं सुरू झालं. आता मॉडेल आणू कुठून? मुलीला बसवलं तर ती डचमध्ये कुरकुरायची. नवऱ्याला बसवलं तर झोपायचा. मी बाईंना फोनवर म्हटलं, आता मी काय फळं काढू? त्या म्हणाल्या, फळं खा. माणूस शोध.

माणूस होता. पुण्यात, माझ्या धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये, रोज सकाळी अकरा-साडेअकराला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून भाजी निवडायचा. माझी आई.

बाईंनी बरीच खळखळ केली. फोनच्या पडद्यावरचा माणूस जिवंत धरायचा की फोटो? शेवटी मी विचारलं, तो शिव्या देऊ शकतो, हे पुरेसं आहे का? त्या म्हणाल्या, हो, मग जिवंतच.

पण आई कुठली ऐकतेय. मी तिला म्हटलं, तुझं मोठं चित्र काढते, तेलरंगात, तर तिने फोनमधूनच कपाळाला हात लावला. "मोठं? भिंतीवर लावायला? अगं, मी मेलेय का?"

मी समजावलं, की अमेरिकेत लोक आपल्या जिवंत आयांची चित्रं काढून भिंतीवर लावतात. तिने अमेरिकेचा उद्धार केला. आमच्या घरात भिंतीवर एकट्या माणसाचा फोटो एकच होता, माझ्या वडिलांचा, आणि त्याला चंदनाचा हार होता. दरवर्षी त्यांच्या तिथीला ताजा हार चढायचा आणि शेवंतीच्या पाकळ्या आठवडाभर फ्रिजवर पडत राहायच्या. आईला त्या फोटोचा राग होता. वडिलांचा नव्हे, फोटोचा. हार घातला की माणूस हारामागे जातो म्हणायची. मग त्याच्याशी भांडता येत नाही.

एक आठवडा तिने ताणून धरलं आणि मग आपणच म्हणाली, की बसते. पण एक अट होती.

"मी गेल्यावर त्याला हार घालायचा नाही. मला फुलं डोक्यात आवडतात, गळ्यात नाही. तुझ्या भावाने सांगितलं तरी नाही, तुझ्या नवऱ्याने सांगितलं तरी नाही. कबूल असेल तर काढ."

मी कबूल केलं. मला तेव्हा ती गंमतच वाटली. आई तशी होतीच. वडील गेल्यावर सोसायटीतल्या बायकांनी तिच्या अंबाड्यातल्या गजऱ्याकडे बघून नाकं मुरडली, तेव्हा तिने जिन्यात उभं राहून सांगितलं होतं की फुलं मी लग्नाआधीपासून माळते, ती काही त्यांनी आणली नव्हती. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही. रोज संध्याकाळी फुलवाली यायची, आई मोगरा घ्यायची, आणि सकाळपर्यंत तो तपकिरी झाला तरी काढायची नाही.

तर त्या उन्हाळ्यात दर शनिवारी आमची बैठक. इकडे माझा चहा व्हायचा, तिकडे तिची स्वयंपाकाची तयारी चालायची. पहिल्या दोन शनिवारी मला छताचा पंखा आणि आईचं कपाळ एवढंच दिसलं. मग भावाने फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून दिला आणि आई पुरती पडद्यात आली: फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर पंचा, सुजलेला गुडघा म्हणून एक पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर परात आणि परातीत गवार. वाकलेली मान. वर अंबाडा.

मी पदर वगैरे घे म्हणाले नाही, हे मला आजही बरं वाटतं. तीच म्हणाली होती, थांब, साडी नेसून येते. मी नको म्हटलं, जे दिसतं तेच. मग तिने गाऊनलाही मान्यता दिली, पण एका गोष्टीवर अडली. तेव्हा पुण्यात सगळं बंद. फुलवाली येत नव्हती. अंबाडा रिकामा.

"फुलं घाल चित्रात," आई म्हणाली.

मी म्हटलं, दिसत नाहीत, मी नाही काढणार.

"बाहेर मिळत नाहीत, म्हणून चित्रातही नकोत? मग चित्राचा उपयोग काय?"

पण मीही तिचीच मुलगी, हट्टाने रिकामा अंबाडाच रंगवला. ती त्यावरून दर शनिवारी टोमणे मारायची आणि मी दर शनिवारी बाईंचा नियम ऐकवायचे. एकदा तिने विचारलं, तुझ्या त्या बाई फुलं माळतात का? मी नाही म्हटलं. मग त्यांना काय कळणार, म्हणाली, आणि गवारीची शेंग कडाकड मोडली.

त्या काही महिन्यांत मी आईकडे जेवढं पाहिलं तेवढं आधीच्या आयुष्यात पाहिलं नसेन. घरात असताना आई दिसते कुठे? ती पाठमोरीच असते, ओट्याकडे तोंड करून. तिच्या मनगटाला हाड किती वर आलंय, हनुवटीखाली सावली हिरवी पडते, शेंग मोडताना ती खालचा ओठ आत घेते, हे मला हार्लेममध्ये बसून कळलं. जाड ब्रशने, मोजक्या फटक्यांत काढायचं असं बाईंनी बजावलं होतं. गाऊनची फुलं नाही काढली, नुसते लाल-निळे ठिपके. गवार म्हणजे हिरव्या रंगाचे चार ओरखडे. पण लांबून पाहिलं की आई होती. रागावलेली, कामात असलेली, 'काय आहे, लवकर बोल' म्हणणारी.

पुरं झाल्यावर तिला दाखवलं. ती बराच वेळ फोन जवळ-लांब करत राहिली. मग म्हणाली, "मला डोळे का नाहीत?"

मी सावलीचं सांगितलं. तिला पटलं नाही. गुडघा मात्र बरोबर जमलाय म्हणाली. भाऊ मागून डोकावला आणि म्हणाला, ताई, डोळे काढ गं एकदाचे, भूत वाटतंय. त्याला मी तिथल्या तिथे झापलं.

मी चित्र दिवाणखान्यात लावलं, कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर. आमच्या घराची पुढची खिडकी जमिनीपासून छतापर्यंत आहे आणि इथे कुणी पडदे लावत नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्यांनाही माझी आई भाजी निवडताना दिसायला लागली. समोरचे डच आजोबा हात करायचे. मला की तिला, कोण जाणे.

मग दिवाळीला आमच्या मराठी मंडळींचा ऑनलाइन फराळ झाला. प्रत्येकाने आपापल्या घरून चकलीचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरायचा, अशी ती थोर कल्पना. माझ्यामागे, डोक्याच्या बरोबर वर, चित्र. पडद्यावरचे सगळे एकाएकी हळू आवाजात बोलायला लागले. कुणी मला चकली दाखवेना. मला वाटलं माझं नेट गेलंय. आपल्या माणसांना भिंतीवर एकटी बाई दिसली की एकच अर्थ कळतो, आणि त्या वर्षी तर तो अर्थ कुणाच्याही घरी खरा ठरत होता. दुसऱ्या दिवशी सोलापूरचं पिठलं दारात.

मी तिला उंबऱ्यावरूनच सांगितलं, की अगं बये, माझी आई जिवंत आहे. ती खाली पायरीवर बसली आणि मास्कमध्ये हसून हसून तिचा चष्मा धुरकटला. मी आईला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. आईने आपल्या सुतकाचं पिठलं डोळे भरून बघितलं, दाट आहे की पातळ ते विचारलं, आणि सोलापूरच्या पिठल्यात दाण्याचं कूट घालतात का यावर दोघींचं अर्धा तास चाललं. मला त्यात कुणी विचारलंही नाही. पिठलं आम्ही दुपारी खाल्लं, फार चांगलं झालं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये आई गेली.

पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. भावाने तिला दवाखान्यात नेलं आणि दारातून ती एकटीच आत गेली. त्यानंतर तिला घरच्या कुणी पाहिलं नाही. ना आजारात, ना नंतर. भावाला लांबून एक गुंडाळलेली आकृती दाखवली, ती आपली आई आहे यावर त्याने विश्वास ठेवायचा. मी इथे. विमानं बंद होत होती, जी होती त्यांतून जाऊन मी काय करणार होते तेही कुणाला माहीत नव्हतं. मला रडू आलं नाही. मला भयंकर राग आला. जिला मी शेंगेशेंगेने पाहिलं होतं, तिला शेवटी कुणीच पाहू नये! मी पोह्यांचा डबा, म्हणजे आमच्या घरातला, भिंतीवर फेकून मारला. नवऱ्याने पोहे झाडले.

आणि मग भावाचा फोन आला. बिचारा एकटा सगळं करत होता, आवाज बसला होता. म्हणाला, तेराव्याला ऑनलाइन जमू. इथे आम्ही फोटोला हार घालतो, तिथे तू तुझ्या चित्राला घाल. म्हणजे दोन्हीकडे झालं असं होईल.

मी नाही म्हटलं. त्याला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग मी अट सांगितली. तो म्हणाला, ताई, ती गमतीत बोलली असेल. मी म्हटलं, आई गमतीत कधी काय बोलली होती? तो म्हणाला, लोक जोडले जाणार आहेत, मावशी असतील, काका असतील, बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग न बघोत. त्याने फोन ठेवला. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

नवऱ्यानेही त्याचीच री ओढली. अगदी मऊ आवाजात, मला जो आवाज अजिबात सहन होत नाही त्या आवाजात, म्हणाला की एक हार घातल्याने काय बिघडतं, लोकांच्या समाधानासाठी घाल, संध्याकाळी काढून टाक.

"लोकांच्या समाधानासाठी माझ्या आईचा गळा देऊ?" मी म्हटलं. तो टेबलावरच्या बंदरात परत गेला.

मी सायकल काढली आणि बाईंकडे गेले. त्या खालच्या मजल्यावरची खिडकी उघडून आत खुर्चीत बसल्या, मी बाहेर फुटपाथवर उभी. सगळं सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी मोठं बोलतील, कॅलिफोर्नियातलं, न्यूयॉर्कमधलं. त्यांनी एवढंच विचारलं, की तू तिला शब्द दिलास ना? मी हो म्हटलं. मग मला काय विचारायला आलीस, म्हणाल्या. मी निघाले तेव्हा मागून हाक मारली आणि म्हणाल्या, कुणी भिंतीकडे तोंड करून ठेवलं तर परत फिरव.

तेराव्याच्या सकाळी सोलापूरकरीण आली. या वेळी तिने काही विचारलं नाही. एका हातात पिठल्याचा डबा आणि दुसऱ्या हातात हार. हार्लेममध्ये हार मिळत नाहीत. तिने सुपरमार्केटमधून शेवंतीच्या जुड्या आणून सुई-दोऱ्याने स्वतः ओवला होता, चांगला हातभर लांब, मध्ये हिरवी पानं घालून. बोटांना सुई टोचलेली दिसत होती. भावाने तिला फोन केला होता हे मला नंतर कळलं. आमच्या दिवाळीतल्या गोंधळानंतर त्या दोघांची ओळख झालीच होती.

ती चित्रासमोर उभी राहिली, हार दोन्ही हातांत धरून, आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावर लॅपटॉप चालू होता. त्यात पुण्याचं घर, चौरंग, शेजारी गुरुजी, आईचा पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, कुणाचाच नसलेला चेहरा, आणि त्याला आधीच हार. चौकटी-चौकटींतून मावशी, काका, चुलत भावंडं. सगळे माझ्या भिंतीकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. मराठीत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मावशी काहीतरी बोलायला लागली, तिचा आवाज बंद होता, नुसते ओठ हलत राहिले. सोलापूरकरणीचे हात तसेच वर.

आणि मग मला आईचं वाकलेलं डोकं दिसलं. रिकामा अंबाडा. गवार कडाकड मोडणारी ती, बाहेर मिळत नाहीत म्हणून चित्रातही नकोत का, म्हणणारी. मी रंगांचा खोका ओढला. पांढरा काढला, त्यात किंचित पिवळा, कडेला जरासा तपकिरी, कारण आईचा मोगरा सकाळी तपकिरीच असायचा. मोठाच ब्रश घेतला. जे दिसतं तेच काढायचं. बाईंना ओरडायचं तर ओरडोत, मला दिसत होता. जन्मभर पाठमोऱ्या आईच्या अंबाड्यात दुसरं काय पाहिलं होतं मी? एक फटका डाव्या बाजूला, एक वर, तिसरा कानामागे उतरताना. झालं. ओला रंग जाडसर बसला आणि खिडकीतल्या उजेडात चकाकला.

आता मात्र मला रडू आलं, आणि मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही. सोलापूरकरणीने हार खाली घेतला, दोरा दातांनी तोडला आणि शेवंतीची दोन फुलं माझ्या केसांत खोचली. उरलेली तिने स्वतःच्या ओंजळीत धरून ठेवली.

लॅपटॉपवर गुरुजी थांबले होते. भाऊ कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला, इतका की नुसतं त्याचं नाक आणि चष्मा दिसायला लागला.

"घातलास का हार?"

"नाही. आईने फुलं माळलीत."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि चित्राकडे पाहिलं.

"डोळे मात्र काढले नाहीसच," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "काढणारही नाही."